हिलाल आप्पाचा एकच भाव

हिलाल आप्पा कोणालाच रामराम करत नसे. समोर माणूस आला की तो त्याचा डावा हात धरायचा, बाही खांद्यापर्यंत सरकवायचा आणि दंडावर अंगठा फिरवायचा. देवी टोचल्याचे वण बोटाला लागले की मगच मान वर करून तोंड बघायचा. बायकांना हात लावायचा नाही, पण "बाय, दंड दाखाड" म्हटल्यावर दाखवल्याशिवाय वाटही सोडायचा नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोड्यांचे दात बघत फिरायचे, आणि हा घोडे विकणाऱ्यांचे दंड बघत फिरायचा. एका मारवाडी व्यापाऱ्याने त्याला चोर समजून दोन थपडा दिल्या होत्या. आप्पाने थपडा खाल्ल्या, पण हात सोडला नाही.

तो सरकारचा देवी टोचणारा. कागदावर त्याला व्हॅक्सिनेटर म्हणत. तेव्हा आमचा नंदुरबारचा सगळा भाग धुळ्याखाली होता आणि तापीच्या दोन्ही काठांवर, खाली नवापूरच्या जंगलापासून वर सातपुड्यापर्यंत, त्याला पायी फिरावं लागे. डोक्यावर काळी टोपी, काखेत पत्र्याची पेटी, अंगाला स्पिरिटचा वास. त्या वासाने गावची कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. आया रडणाऱ्या पोरांना "टोच्या ऊना" म्हणून झोपवत. कोणी तसं म्हणताना ऐकलं की आप्पा खूष व्हायचा.

"देवीनं भ्या नही वाटत ना त्यास्ले? मंग मन्हं तरी वाटू द्या," असं तो म्हणायचा.

मला तो पहिल्यांदा भेटला विसरवाडीच्या फाट्यावर. मी तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होतो. आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ मगन माझ्या कमरेला लागत होता. त्याला मी ट्रकच्या टपावर झोपवून वाढवला. त्या दिवशी मी चाकाखाली वाकून काम करत होतो आणि मागून कोणीतरी माझा दंड धरला. माझं डोकं तेव्हाही आजच्यासारखंच तापट. मी मागे न बघता त्याला ढकललं. आप्पा पेटीसकट मातीत बसला. उठला, धोतर झटकलं आणि पुन्हा तोच दंड धरला.

"चार शेतस," अंगठा फिरवून तो म्हणाला. "तू नही मरनार. तुन्हासारखा उद्धट मानसे मरतसच नही."

मग त्याने मगनचा हात धरला. अंगठा एकदा फिरवला, दोनदा फिरवला. दुसरा हात बघितला. दुकानदाराच्या हाती खोटं नाणं यावं तसं त्याचं तोंड झालं.

"हाऊ कोरा शे."

मी म्हटलं, "लहानपणी टोचलं व्हतं आप्पा. उठलंच नही."

"उठी कसं? मरेल लस व्हती ती."

त्या काळची लस पातळ असे. ती थंड राहिली पाहिजे आणि आमच्याकडे चैत्रात विहिरीचं पाणीसुद्धा थंड राहत नाही. आप्पा नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात ठेवून नेई. दुसऱ्या-तिसऱ्या गावाला पोचेपर्यंत तिच्यातला जीव जायचा. तरी टोचणं चालू ठेवावं लागे, कारण गाव पुरं केलं असं वर कळवायचं असे. नंतर गावात देवी आल्या की लोक त्यालाच शिव्या द्यायचे. मेलेल्या लशीला मात्र तोटा नव्हता. ती कितीही सांडा, कितीही वाया घालवा, कोणी विचारत नव्हतं.

मगनला त्याने त्या दिवशी टोचलं, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा टोचलं. दोन्ही वेळा काही उठलं नाही. मगन हसरा पोरगा होता. बाही वर करून म्हणायचा, "आप्पा, मन्हा दंडवर तुम्हना हात चालत नही." आप्पा चिडायचा. मगन दिसला की लांबूनच ओरडायचा, "ये कोरा, आठे ये!" पुढे फाट्यावर सगळेच त्याला कोरा म्हणू लागले.

आप्पाचं टोचणं म्हणजे खेळ नव्हता. दातेरी फिरकी दंडावर दाबून पिळायची, चार ठिकाणी. पोरं बेशुद्ध पडायची. आमच्याकडची माणसं हाडाची बाजारकरू. ती इथेही घासाघीस करायची. "आप्पा, पोर नाजूक शे, दोनच काढा." "आप्पा, तीन काढा, तुम्हनं बी नही मन्हं बी नही." एका म्हातारीने तर दोन देवी कमी करण्याच्या बदल्यात कोंबडा कबूल केला होता. आप्पाचं उत्तर ठरलेलं असे.

"एकच भाव. चार."

मी त्या भागात भाव पाडण्यासाठी प्रसिद्ध होतो. क्लीनरचा ड्रायव्हर झालो, ड्रायव्हरचा मालक झालो, ते सगळं जिभेच्या जोरावर. सातपुड्यात चारोळी, डिंक, मोहाची फुलं घ्यायची आणि खाली विकायची. समोरच्याची नजर कुठे अडते, पाय कधी मागे सरतो, हे बघून मी भाव बोलतो. आप्पाकडे बघून मला कधीच काही कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर उतरायला पायरीच नव्हती.

आणि जीभ त्याची सुरीसारखी. तापीकाठच्या एका पाटलाने एकुलत्या एका मुलाला टोचू द्यायला नकार दिला. घरी सगळं होतं, केळी, कापूस, गाई. बायको दाराआड रडत होती. आप्पाने पेटी बंद केली आणि शांतपणे म्हणाला, "ठीक शे पाटील. मंग आज पोऱ्यानं तोंड चांगलं देखी ल्या. पुढला साल वळखू येवाव नही." पाटील काठी घेऊन धावला. बायकोने मात्र मुलाला मागच्या दाराने आणून आप्पापुढे बसवलं. वाटेत ट्रकमध्ये मी त्याला म्हटलं, असं बोलणं बरं नाही. तो म्हणाला, "गोड बोलीसन मी आजलोक एक बी दंड उघाडा नही."

मग ती परदेशी लस आली.

आप्पा ती दाखवायला मुद्दाम माझ्या गोदामात आला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून दुसरा रुमाल, आणि त्यातून बारीक मानेची काचेची कुपी. तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. त्याने ती उन्हात धरली. अशा नजरेने त्याने स्वतःच्या मुलीकडेही कधी बघितलं नसेल.

"देख छगन. याले बरफ नको, मडकं नको. ऊनमा ठेव, मरस नही. मान मोडानी, पानी टाकानं, का जित्ती व्हस."

"कोठून उनी?"

"मोठल्ला देशेस्नी दिन्ही. फुकट. त्यास्ना आठे आते हाऊ रोगच नही ऱ्हायना."

"मंग त्या आपले कसाले देतस?"

"तुले बठ्ठामा सौदाच दिसस."

दिसतोच. फुकट माल बघितला की मी त्याची पाठ उलटून बघतो. त्या देशांच्या बंदरांना आमच्याकडून बोटी जात होत्या, आणि बोटीबरोबर देवीही जाऊ शकत होती. शेजारच्या गोदामाला आग लागली तर मीही पाणी घेऊन धावेन. त्याला मी दान म्हणणार नाही, पण पाणी ते पाणीच. म्हणून त्या दिवशी मी आप्पाला चहा पाजला आणि म्हटलं, आता मगनला टोचा. तो म्हणाला, बाजाराच्या दिवशी आण.

"आते टोचा ना. कुपी हातमा शे."

"नही. पहिले पन्नास दंड, मंग मान मोडसू."

ते मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. कुपीची मान एकदा मोडली की लस त्याच दिवशी संपवावी लागे. उरली की मेली. एका कुपीत पन्नास-एक माणसं होत. रिकाम्या कुप्या कचेरीत परत द्यायच्या आणि प्रत्येकीमागे किती दंड झाले ते लिहून दाखवायचं. साहेबाने सगळ्या टोचणाऱ्यांना उभं करून बजावलं होतं, की देणाऱ्या देशांना हिशेब जातो. माल वाया गेलेला दिसला तर पुढची पेटी येणार नाही.

सपाटीवर याचं काही वाटलं नाही. बाजारात पन्नास माणसं चहाच्या टपरीवर मिळतात. डोंगरात तसं नसतं. तिथल्या पाड्याचं एक घर या टेकडीवर, तर दुसरं पलीकडच्या. एका ठिकाणी पन्नास माणसं फक्त लग्नात जमतात. आप्पा पाड्यापाड्यांतून फिरायचा, कुपी रुमालात तशीच घेऊन परत यायचा. तो वाळत चालला.

मग मीच त्याच्याशी सौदा केला. डोंगरातली माणसं हंगामाला ऊसतोडीसाठी गुजरातेत जात, माझ्याच ट्रकमधून. मी म्हटलं, आप्पा, मी तुम्हाला ट्रक भरून दंड देतो, तुम्ही मान मोडा. टोचलेली टोळी मालकांना हवी असते, माझाही फायदा. आप्पाने विचार केला आणि मान हलवली. ते टोचणं बघवत नसे. माणसं ट्रकमध्ये चढली की मागची फळी लावायची, आणि आप्पा आत शिरून एकेकाला पकडायचा. एकदा एक तरुण पोर टपावरून उडी मारून पळाला आणि पाय मोडून बसला. आप्पा उतरला, त्या मोडलेल्या पायाशेजारी बसला आणि आधी त्याचा दंड टोचला. मग म्हणाला, आता पायाचं बघा.

अशा एका ट्रकमध्ये मी मगनला बसवायला हवं होतं असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांना माहीत नाही. मगन तीनदा बसला. एकदा पन्नास भरले नाहीत. एकदा त्याला ताप होता आणि आप्पानेच उतरवलं. एकदा टोचलं, पण कुपी फोडून संध्याकाळ झाली होती आणि मगन रांगेत शेवटचा. त्याच्या वाट्याला खरवड आली. उठलं नाही. आप्पा म्हणाला होता, पुढच्या खेपेला याला पहिला टोचीन.

त्या वर्षी चैत्रात मगन सातपुड्यात होता. चारोळी गोळा करायला मी तिथल्या एका पाड्यावर कुडाचं गोदाम घातलं होतं, आणि तो ते सांभाळत होता. पाड्यात देवी आल्याचा निरोप आला तेव्हा मी आप्पाला त्याच्या जेवणावरून उठवून ट्रकमध्ये घातला. तापी ओलांडून, डोंगराच्या पायथ्याशी ट्रक सोडून, आम्ही दोघं चढलो. वाटेवर बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या. डोंगरातली ही रीत आहे. आजार शिरला की पाडा बंद करायचा. खालच्या गावाने वरच्यांना खाली यायला बंदी केली होती, आणि वरची माणसं घरं सोडून रानात पांगली होती, जो तो आपल्या झोपडीत. हे शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे पाड्यात धडधाकट राहिले होते फक्त सात जण: एक म्हातारं जोडपं, पाड्याचा कारभारी, त्याची सून, तिची दोन पोरं आणि माझा मगन. कारभाऱ्याचा मुलगा आत खाटेवर होता. त्याचं अंग फोडांनी भरलं होतं.

मगन गोदामापुढे उभा होता. आम्हाला बघून हसला आणि बाही वर केली.

"आप्पा, लिखा आते मन्हा दंडवर काहीतरी."

आप्पाने सगळ्यांचे दंड बघितले. म्हाताऱ्याला जुने वण होते, पण इतके पुसट की पुन्हा टोचायला हवं. बाकी सगळे कोरे. त्याने रुमाल काढला, कुपी काढली, आणि ती हातात धरून तसाच बसून राहिला.

"मोडा," मी म्हटलं.

"कितला शेतस?"

"सात शेतस. मोडा."

"छगन, सात शेतस."

"आप्पा, घरमा रोग शे. पलीकडे मानूस सडी ऱ्हायना. आते काय पन्नास देखतस?"

तो कुपीकडे बघत बोलत होता. "हायी मगननी नही शे. मन्ही बी नही शे. आज सातसाठे मोडी आनि पेटी बंद व्हयनी, ते पुढला साल मी लोकेस्ना दंडवर काय घासू? थुका?"

मी भाव करायला लागलो. माझ्याकडे जे होतं ते सगळं मी बोललो. ट्रक देतो. हवे तितके फेरे देतो. साहेबाला मी भेटतो. गुन्हा माझ्या नावावर लिहा. कुपी माझ्या हातून फुटली असं सांगा, धक्का लागला म्हणा. तो मान हलवत राहिला. मग मी त्याची गचांडी धरली. त्याने कुपी मुठीत आवळली.

"ले. हिसकी ले. काच हातमा घुसी, लस मातीमा जाई."

खरं होतं. हिसकावून घेण्यासारखी ती वस्तूच नव्हती.

मगनने आम्हाला सोडवलं. म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे. बाजार शनवारले शे. आप्पा तठे मोडतीन आनि मन्हासाठे लई येतीन. काय आप्पा?"

"येसू," आप्पा म्हणाला. "तठे मोडसू, सात दंड राखसू, आनि त्याच दिन वर येसू. हाऊ मन्हा शब्द."

मी तरी खाली पळालो, माणसं जमवायला. खालच्या गावाने दारं लावली. देवी आलेल्या पाड्यावर कोण येणार? मी पैसे दाखवले, शिव्या दिल्या, पाया पडलो. पाया पडणं हे मी धंद्यात कधी केलं नव्हतं. चार माणसं कशीबशी तयार झाली आणि काट्यांपाशी येऊन परत फिरली.

शनिवारी बाजारात आप्पाने मान मोडली. घाईत, रागात, शिव्या देत त्याने दंडामागून दंड उरकले, शेवटचे सात राखले, आणि ऐन दुपारी डोंगर चढला. मी त्याच्या मागे होतो. आपल्या वयाला त्याने त्या दिवशी दया दाखवली नाही. दोनदा पडला, पण कुपी धरलेला हात वरच राहिला.

मगन गोदामाच्या दारात चटईवर बसला होता. आप्पाने नेहमीसारखा त्याचा दंड धरला, आणि सोडून दिला. धरलेला दंड त्याने सोडलेला मी पहिल्यांदा बघितला. दंड तापला होता.

"आप्पा, उशीर झाया का?" मगनने विचारलं. तेव्हाही तो हसायचा प्रयत्न करत होता.

आप्पाने बाकीच्या सहा जणांना टोचलं. मगनच्या वाटचं उरलं होतं ते त्याने मगनलाही टोचलं, पण मला त्याच्या हाताकडे बघूनच कळलं. तो पिळत नव्हता. नुसता टेकवत होता.

मगनचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी ते बघितलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांनी बघू नये. शेवटी मी त्याला ओळखत होतो ते त्याच्या आवाजावरून, आणि मग आवाजही गेला. ते सहा जण जगले. कारभाऱ्याची नातवंडं आता बाप झाली आहेत. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की त्या पहिल्या दिवशी टोचलं असतं तर कदाचित वाचला असता. हा कदाचित मी वर्षानुवर्षं चघळतो आहे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तालुक्याला मांडव पडला. लस देणाऱ्या देशांकडून एक पाहुणा येणार होता. सर्वांत कमी माल वाया घालवणारा टोचणारा म्हणून हिलाल आप्पाचा सत्कार ठरला. खुर्च्या आणि माणसं आणायला माझेच ट्रक लावले होते, म्हणून मी तिथे होतो. मगननंतर मी आप्पाशी बोललो नव्हतो. तो फाट्यावर आला की मी गोदामात जायचो.

पाहुणा उंच, गोरा, स्वभावाने मोकळा होता. आप्पाला हार घातला, हातात हात घेतला. आप्पाने सवयीने त्याची बाही सरकवली. सगळे हसले, पाहुणाही हसला आणि त्याने स्वतःचा वण दाखवला. मग तो नवी सुई दाखवायला लागला, दोन टोकांची, फिरकीपेक्षा सोपी. त्याने एका डब्यातून कुपी घेतली आणि बोलता बोलता मान मोडली. पाणी घातलं. समोर बसलेल्या एका पोराला टोचलं. सुई पुसली, आणि उरलेली कुपी पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकली.

आप्पा बादलीकडे बघत होता.

"सायेब," तो म्हणाला. गळ्यात हार, आवाज बारीक. "उरनी ना. पन्नास दंड कोठे शेतस?"

आमच्या साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याने भुवया वर केल्या आणि काहीतरी विचारलं. आमचे साहेब लाल झाले. आप्पा म्हणाला, "काय म्हनतस त्या? माले सांगा." साहेबांना सांगावं लागलं. पाहुणा म्हणत होता, की असा नियम आम्ही कधी केला नाही. जिथे रोग आहे तिथे एका माणसासाठीसुद्धा कुपी फोडायची. लस आमच्याकडे पुष्कळ आहे.

"मंग रिकाम्या कुप्या कसाले मांगतस?"

पाहुणा म्हणाला, ते आमच्याकडच्या लोकांना दाखवण्यासाठी, की आपण दिलेला पैसा कामी आला. आमचे साहेब हळूच म्हणाले, हिशेब मागितल्यावर आम्हाला वाटलं, जपून वापरलेलं बरं. पाहुण्याने खेदाने मान हलवली आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळला. माणूस वाईट नव्हता. तेच मला आजही सहन होत नाही. तिथे एक तरी माणूस वाईट असायला हवा होता.

मी व्यापारी आहे, मला यात नवल वाटलं नाही. माझ्याकडून उसना माल नेणारा शेतकरी मी न घातलेल्या अटीही पाळतो. माझ्या ट्रकपुढून जाताना छत्री मिटतो. त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. मला कधी कळतही नाही की तो भिजला. मला राग याचा आहे, की छत्री मिटून भिजायचं आम्ही ठरवलं आणि मेला माझा मगन.

आप्पा मांडवातून उतरला तो सरळ माझ्याकडे आला. हार तसाच गळ्यात. माझ्यासमोर उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझा दंड धरला नाही. स्वतःचं तोंड पुढे केलं.

"मार," तो म्हणाला. "छगन, मार माले. कितला बी मार."

माझे हात शिवशिवत होते. पण मी भाव ओळखतो. मी मारलं असतं तर तो मोकळा झाला असता.

"नही आप्पा," मी म्हटलं. "मन्हा बी एकच भाव शे."

त्याला कळलं. तो गेला.

त्या दिवसापासून हिलाल आप्पा एकेका माणसासाठी कुपी फोडत सुटला. टेकडीवरच्या एका झोपडीत एक तान्हं मूल असलं तरी चढायचा आणि मान मोडायचा. उरलेली लस तिथेच मातीत ओतायचा. नियम बदलल्याचा कागद कचेरीत आलाच नव्हता, म्हणून त्याला नोटिसा निघाल्या. बढती थांबली, मग त्याला पेटीवरून काढून नोंदी करायला बसवलं, मग घरी पाठवलं. लोक मला सांगायचे, आप्पाला वेड लागलं. मी ऐकून घ्यायचो. मला बरं वाटायचं. पुरेसं बरं कधी वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी माझ्या एका ड्रायव्हरने निरोप आणला, की आप्पा तापीकाठी मुलीकडे आहे, डोळे गेले आहेत, आणि तुमचं नाव घेतो. मला त्या बाजूला केळीचा सौदा होता, म्हणून मी गेलो. सौद्याशिवाय गेलो नसतो.

तो ओसरीवर खाटेवर होता. त्याच्या अंगाला अजूनही स्पिरिटचा वास येतोय असं वाटलं. त्याची मुलगी सुमन पाणी ठेवून बाजूला उभी राहिली. मी काही बोललो नाही. मी खाटेच्या कडेला बसल्याचं त्याला कळलं असावं. त्याचा हात चाचपडत आला, माझा डावा दंड सापडला, अंगठा फिरला.

"छगन."

"हा, आप्पा."

हात तिथेच थांबला नाही. माझ्या पलीकडे गेला आणि हवेत काहीतरी शोधत राहिला, जिथे माझ्याबरोबर आलेला माणूस उभा असेल तिथे.

"अन् तो कोरा कोठे शे?"

सुमनने माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. काय करावं ते मला तिने सांगायला नको होतं. मी खाटेवर वळून बसलो, उजवी बाही वर केली आणि माझा उजवा दंड त्याच्या हातात दिला. त्यावर कधीच कोणी काही टोचलेलं नाही.

आप्पाचा अंगठा त्या दंडावर फिरू लागला. खाली, वर, पुन्हा खाली. त्याचा श्वास सावकाश झाला. मला वाटलं, घेतलं याने. अंगठा थांबला.

"छगन," तो म्हणाला, "हाऊ तुन्हाच दुसरा हात शे."

मी दंड मागे घेतला नाही.

"माल बदलू नको."

"ऱ्हाऊ द्या ना आप्पा," मी म्हटलं. "मी देई ऱ्हायनू. ली ल्या."

"नही," तो म्हणाला. "एकच भाव." आणि माझी बाही खाली सरकवून, नीट करून, त्याने भिंतीकडे तोंड केलं.

पुढल्या आठवड्यात तो गेला. जन्मभर मी कोणासाठी न मागता भाव खाली आणला नव्हता. तो एकदाच आणला, आणि समोरच्याने घेतला नाही. त्याच्यावरचा राग अजून माझ्याकडे तसाच पडून आहे. त्याला गिऱ्हाईक एकच होतं.